ताईच्या केकसाठी कॉम्प्रेसर

३ मार्च

कॉम्प्रेसर हवा. आजपासून घरात हा एकच विषय.

ताई महिन्यापूर्वी सासरहून आली, तेव्हा 'चार दिवस राहते' म्हणाली होती. आता बेकरीवाल्या बाईंनी तिला विचारलंय – केकवर एअरब्रशने रंग फवारता येईल का? नमुना पसंत पडला तर कायमचं काम. ताईने 'हो' ठोकून दिलं. एअरब्रश जन्मात हातात धरलेला नाही!

'तू इंजिनिअर ना? मग हवेचं तू बघ, रंगाचं मी बघते.'

मी दिवसभर कंपनीत पंप तपासते. घरी येऊनही तेच.

४ मार्च

भावजींचा फोन, स्पीकरवर. 'झाली ना हौस? येत्या रविवारी न्यायला येतो.' ताई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. फोन ठेवून मला म्हणते, 'टाकी असलेला घ्यायचा की बिनटाकीचा?'

५ मार्च

दुकानात गेले. विक्रेता – 'मॅडम, नवशिक्यांना हा छोटाच पुरतो.' तळहाताएवढा, बिनटाकीचा. चालवून दाखवा म्हटलं. हवा ठोक्याठोक्याने येते. रेघ ओढली की ठिपक्यांची माळ. टाकी असली की हवा सलग मिळते. शिवाय दाब कमी-जास्त करायची कळ, हवेतलं पाणी अडवणारी वाटी. नवशिक्याला एवढं पुष्कळ, पण एवढं तरी हवंच.

काही न घेता परतले. कंपनीच्या भंगारात एक टाकीवाला पडलाय, चालू आहे. साहेब म्हणाले, 'न्या.'

७ मार्च

तो जिन्याने वर चढवला. कंबर गेली. शेजारच्या काकू दारात.

'काय गं, फ्रिज का?'

'नाही.'

'मग?'

'हवा.'

त्या अजून विचार करत असतील.

याच्या पिस्टनला तेल लागतं. ते हवेत उतरू नये म्हणून दुहेरी गाळणी लावली. पुरेल.

८ मार्च

पुरली नाही.

पांढऱ्याशुभ्र केकवर निळा रंग जागोजागी फाटला. बारीकसा तेलाचा थेंब, त्याच्याभोवती रंग सरकून गोल पांढरं भोक. ताईने बोटाने उचलून चाटलं. 'घे, चव बघ. गॅरेज!' हसली. मग ओट्यावरचा निळा रंग पुसायला घेतला.

गाळणी थेंब अडवते. तेलाची वाफ आणि वास अडवत नाही. हे मला पाठ आहे! कारखान्यातल्या हत्यारांना चालते ती हवा मी खाण्यावर सोडली. आयती टाकी दिसली आणि अक्कल गहाण पडली.

नमुना आज द्यायचा होता. बाई म्हणाल्या, 'सोमवारी सकाळी आणा. नाही जमलं तर राहू दे.' सोमवार. भावजी रविवारी येणार.

 

९ मार्च

अर्धी रजा. घेतला एकदाचा – बिनतेलाचा, टाकीवाला, दाब भरला की आपोआप थांबणारा. आवाज फ्रिजइतका.

ताई दुपारभर पुठ्ठ्यावर. आधी रेघा, मग गोळे, मग ढग.

'हवा फार जोरात येतेय.' कमी केली.

'आता शिंतोडे उडतायत!' थोडी वाढवली.

एवढं आम्ही महिनाभरात बोललो नव्हतो. मध्येच म्हणाली, 'मी गेले तर याचं काय करशील?'

मी नळी पुसत होते. 'विकेन.'

तिने पुढची रेघ ओढली. सरळ आली.

१० मार्च

भावजी आले. 'चल, आटप,' दारातूनच. ताई केकच्या कडेला निळा रंग देत होती. मान वर न करता तिने त्यांच्या हातात पुठ्ठा दिला. 'हा इथे आडवा धरा. हलवू नका, वर पांढऱ्यावर उडेल.' ते बुटांसकट आत आले आणि पुठ्ठा धरून उभे राहिले. रंग वाळल्यावर तिने पुठ्ठा काढून घेतला, त्यांना पाणी दिलं. म्हणाली, 'उद्या सकाळी हा बेकरीत द्यायचाय.'

एकटेच गेले.