बोयाला मारलेल्या दोन गाठी

प्रिय थिया,

शेवंडीचा एक सापळा दुकानात दीडशे डॉलरला मिळतो. तुझ्या रेनानच्या सापळ्याची खरी किंमत मला ठाऊक आहे: ब्लूबेरीच्या मळ्यात वाकून काढलेले सात उन्हाळे, परवान्याच्या रांगेतली नऊ वर्षं, आणि गेला हिवाळाभर तुमच्या तळघरात सापळे विणताना तारेने फाटलेली बोटं. असे चाळीस सापळे मंगळवारी सकाळी कायमचे तळाला गेले. वर तरंगणाऱ्या बोयांचे दोर सुरीने सरळ कापलेले.

तू फोनवर एवढंच म्हणालीस, "बाबा, शनिवारी बोट विकतोय. कुणी कापले ते कळलं तर सांगा." मी म्हणालो, बघतो. धक्क्यावर नुसतं कुणी खोकलं तरी बाबा बोटीचं नाव सांगतात, हे तूच जगाला सांगत असतेस, आणि मी म्हणे बघतो!

मे महिन्यातला तो रविवार आठव. तू घेवड्याचं भांडं टेबलावर ठेवत होतीस आणि रेनान हात धुऊन हसत आला. त्याच्या भाषेत आदराने तो मला 'डॉन' म्हणतो. "डॉन ॲल्डन, तुमची माणसं फार भली हो! माझा दोर सैल सुटला असणार, कुणीतरी बोयाला दोन गाठी मारून ठेवल्यात." तू लगेच त्याला टोमणा मारलास, "बघ, उगाच घाबरत होतास!" या बंदरात परक्याच्या बोयाला मारलेल्या दोन गाठींचा अर्थ एकच: सापळे उचल आणि नीघ, पुढच्या खेपेला सुरी येईल. तुला हे ठाऊक नव्हतं, कारण आपल्या बोयांना कधी कुणी गाठ मारलीच नाही. मला ठाऊक होतं. मी पावाला लोणी लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी आमिषाच्या रांगेत म्हाताऱ्या वर्नलने हेरिंग माशांचं पिंप खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ॲल्डन, जावई तुझा आहे. तू शब्द टाक, कुणी हात लावणार नाही." बाकीच्यांची फावडी थांबली. एक शब्द, थिया. तेवढाच हवा होता. आणि मी काय बोललो? "मी समुद्रापासून दूरच्या बटाट्याच्या गावातून रिकाम्या हातांनी आलो, तेव्हा माझ्यासाठी कुणी शब्द टाकला होता? पहाटे तीनला उठलो, मान मोडून राबलो, उभा राहिलो. अमेरिका आहे ही, बाबांनो. त्यालाही राबून उभं राहू दे." वर्नलने माझ्याकडे नको इतका वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं." माझे कान अजून शाबूत आहेत. त्या 'बरं'मध्ये सुरी होती, ती मला ऐकू आली. मी आमिष भरलं आणि घरी आलो.

रेनान माझ्यापेक्षा कमी राबतो असं मी म्हणणार नाही. मी तीनला उठायचो, तो अडीचला उठतो. पण त्याला एका शब्दाने जागा मिळाली असती, तर मला कशी मिळाली हेही कुणीतरी बोललं असतं. त्या भीतीपायी मी तो शब्द टाकला नाही.

तेव्हा आता ऐक, आणि हे पत्र रेनानलाही वाचून दाखव. सुरी वर्नलची असेल, पण परवानगी माझी होती. बोट विकू नका. शुक्रवारी सकाळी मी धक्क्यावर, सगळ्यांच्या समोर, तेव्हा टाकायला हवा होता तो शब्द टाकणार आहे. रेनानने मला माफ केलं नाही तरीही टाकणार आहे. पांढऱ्यावर दोन हिरवे पट्टे, हे आपल्या बोयांचे रंग तू लहानपणापासून अभिमानाने मिरवलेस. ते माझे नाहीत. तुझ्या आजोबांचे आहेत. माझ्या पहिल्या वसंतात त्यांनी माझे सगळे बोये स्वतः रंगवले. मी पाण्यात एकही सापळा टाकण्याआधी ते मला धक्क्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, "हा माझा जावई. याच्या दोराला हात लावायचा नाही."

तुझाच,
बाबा