अकरा सेकंदांचा उशीर

बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. आम्ही मजेत आहोत. आईचा गुडघा आता कसा आहे?

एआय कंपनीच्या ज्या ऑफरबद्दल फोनवर सांगितलं होतं, ती मी गुरुवारी नाकारली. दुप्पट पगार होता, वर शेअर्स. ते चढले तर पाच वर्षांनी आरामात घरी बसशील, असं तुमचा जावई वरद म्हणतो. चढतीलही.

पण तळोज्याच्या कारखान्यात गॅस लीक झाला की भोंगा वाजवणारं सॉफ्टवेअर मी सांभाळते. मागच्या आठवड्यात चाचणी घेतली, तर भोंगा अकरा सेकंद उशिरा वाजला. कारण अजून सापडलेलं नाही. तिथले देवजीकाका मात्र म्हणाले, "तुमी हाय ना ताई, मंग कसला टेन्शन?" कारण सापडेल, मग दुसरं काहीतरी निघेल, आणि मला हेच काम करायचंय. चिडू नका.

फोनवर हे बोलता आलं नसतं, कारण वरदला अजून माहीत नाही. मी सांगणारच होते. पण रविवारी त्याने अख्ख्या सोसायटीत माझ्या नव्या नोकरीचे पेढे वाटले. पहिला माझ्या तोंडात घातला आणि बाबा, मी तो खाल्ला.

तुमची,
क्षिप्रा