पाठीतलं पाणी

१३ जानेवारी २०२५

आज संस्थेत, बाबांच्या विसरण्याच्या आजारावरच्या अभ्यासासाठी, पाठीतलं पाणी दिलं. कुशीवर निजायचं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. डॉक्टर सान्याल म्हणाल्या, अजिबात हलू नका, आणि मला नेमकं तेव्हाच नाक खाजवावंसं वाटलं. सुईपेक्षा सुईची वाट बघणं वाईट. नंतर कंबरेत नुसता दाब — बाकी काही नाही.

मी म्हटलं, मला बघायचंय. त्यांनी नळी उजेडात धरली. मला वाटलं होतं पिवळट, चिकट काहीतरी निघेल. हे तर पाणी! नळाच्या पाण्याहून स्वच्छ. मेंदू म्हणे यात तरंगत असतो. दिवसातून तीन-चारदा सगळं बदलतं — जुनं जातं, नवं येतं. जन्मापासून हे माझ्या आत चाललंय आणि मला पत्ता नाही. मी आपली त्याच डोक्याने न्यू टाउनच्या ऑफिसात एक्सेल भरत बसलेय.

शेजारच्या खाटेवर अजेय. पाणी दिल्यावर दोघांनाही तासभर उताणं पडायचं होतं. म्हणाला, "ताई, इथे कॉफी देतात का गं?" हा माझा धाकटा भाऊ. पुढ्यात काय वाढून ठेवलंय देव जाणे, आणि याला कॉफी हवी.

१४ जानेवारी

डोकं दुखतंय. पडून आहे.

आईने तिळगूळ आणला. बाबांनी एक वडी घेतली, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "मंगला, तू पण घे." मंगलाआत्या साताऱ्याला वारली, याच आजाराने. आधी माणसं विसरली, मग गिळायचं विसरली. बाबा बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले आणि रमले. गिऱ्हाइकांशी बंगालीत भांडायचे. पन्नाशी उलटली आणि आधी बंगाली गेली, मग हिंदी. आता मराठी उरलीय, तीही तुटक.

जनुकात एक चूक. आईबापांपैकी एकात असली की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मुलं आम्ही दोन.

घरात न बोलता ठरून गेलंय की ते माझ्याकडे आलंय. कपाळ बाबांचं, डावखुरेपण बाबांचं, चिडणं तर शंभर टक्के बाबांचं. अजेय आईवर गेलाय. म्हणून त्याचं केतकीशी जमवताना आई कशी उत्साहात होती! माझ्या लग्नाचा विषय मात्र हल्ली काढतच नाही. मला राग येत नाही.

येतो.

२ फेब्रुवारी

स्मरणशक्तीच्या चाचणीला गेले होते. डॉक्टरांनी प्रयोगशाळा दाखवली. नळ्या सगळ्या प्लास्टिकच्या, तेही एका ठरावीकच जातीच्या. मी विचारलं, काचेच्या का नाहीत? तर म्हणाल्या, यातलं एक प्रथिन भलतं चिकट आहे. काचेला, साध्या प्लास्टिकला चिकटून बसतं, मग मोजणार काय?

तेच प्रथिन म्हणे आजारात मेंदूत साचायला लागतं. तिथे साचलं की पाण्यात कमी उतरतं. दुसरं एक प्रथिन पेशी बिघडल्या की वाढतं. आणि हे सगळं माणूस पहिलं नाव विसरायच्या पंधरा-वीस वर्षं आधी! बाबा आम्हाला सायकल शिकवत होते तेव्हा त्यांच्या पाण्यात हे दिसलं असतं. मी तिथे आ वासून उभी. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, मलाही अजून रोज असंच होतं.

बाबांचं पाणीही तिथल्या फ्रीजरमध्ये आहे, आमच्याच शेजारी. सही करता येत होती तेव्हा दिलेलं. तेव्हा डॉक्टरांना बंगालीत म्हणाले होते, माझं राहू द्या, पोरांच्या उपयोगी पडेल. हे मला आज कळलं. घरी येऊन त्यांचे पाय चेपत बसले. ते म्हणाले, गुदगुल्या होतात.

१९ फेब्रुवारी

अभ्यासात कुणालाच स्वतःचा निकाल सांगत नाहीत. हवं असेल तर वेगळं विचारायचं, एकट्याने. रक्ताच्या तपासणीत जनुकाचं कळतं.

मी विचारणार आहे.

११ मार्च

नाही. माझ्यात नाही.

डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मी बाहेर येऊन रस्त्यावर फुचका, म्हणजे इथली पाणीपुरी, खाल्ला, भरपूर तिखट घालून, म्हणजे रडायला सोय. आभाळ बघितलं. स्वतःचे हात बघितले. पन्नाशीनंतरची सुरुची नावाची एक बाई असणार आहे, तिच्याशी माझी ओळखच नव्हती.

आणि मग सुचलं. म्हणजे अजेय.

डॉक्टरांनी बजावलं होतं — प्रत्येकाचं नाणं वेगळं उडतं, तुमच्यावरून भावाचं काही कळत नाही. मी इंजिनियर आहे, मला हे गणित येतं. पण मन भलतंच गणित मांडतं. दोन मुलं, निम्मं. मी सुटले, म्हणजे तो अडकला.

कुणाला सांगायचं नाही. आईलाही नाही. मी सुटल्याचं कळलं तर तोही हेच गणित मांडेल.

३० मार्च

हावड्याहून येताना अजेय फेरीबोटीत छत्री विसरला. आई म्हणाली, वेंधळाच आहे. मी ताट सरकवून उठले.

६ जुलै

त्याने लग्न पुढे ढकललं. "ताई, पुढच्या वर्षी बघू." माझ्याकडे न बघता. केतकीला कारण सांगत नाही, आईला सांगत नाही. त्याला आतून काहीतरी जाणवलंय. माझी खात्री आहे.

दर शनिवारी माझ्यासाठी संदेश मिठाई आणतो. पूर्वी स्वतःच्या खाऊतला तुकडा द्यायचा नाही! आणि काहीतरीच विचारतो — काल जेवायला काय होतं गं ताई? म्हटलं, कारलं होतं, तुझ्या वाटणीचं ठेवलंय. तर हसला, आणि डोळे भरून आले त्याचे. मी भाजी परतायच्या निमित्ताने वळले.

१८ नोव्हेंबर

संस्थेतून फोन. जानेवारीत पुन्हा पाणी द्याल का? मी विचारलं, माझं कशाला आता? डॉक्टर म्हणाल्या, तुमचंच तर हवं. निरोगी पाणी नसेल तर आजारी पाणी ओळखायचं कसं? माझ्या पाण्याचा अजेयला उपयोग. हो म्हटलं. शिवाय मी गेले नाही तर त्याला कळेल.

तोही येणार आहे. काही न विचारता हो म्हणाला.

१२ जानेवारी २०२६

पाणी दिलं. दोघं आडवे. या वेळी कॉफी मागितली नाही त्याने. छताकडे बघतच म्हणाला, "ताई, चिडू नकोस. मी मागच्या फेब्रुवारीतच विचारून आलो. माझ्यात नाहीये. तेव्हापासून मला तुझ्याकडे बघवत नाही गं."

मी ताडकन उठून बसले. उठायचं नसतं. सिस्टर ओरडल्या.