खटका खालून हवा

४ जून
आलो. चादरीला चुण्या, उशी दगड, दारात स्वागताला कुणी नाही. जन्म हॉटेलं चालवण्यात गेला, नजर जाणारच. चिरंजीव म्हणाले, बाबा, पाय बरा होईपर्यंत थोडे दिवस या नर्सिंग होममध्ये राहा, इथली व्यवस्थाही तुमच्या नजरेखालून जाईल. दुसरं कारण खरं. पहिलं सूनबाईंनी काढलेलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिने चढता आले की घरी, असं ठरलंय. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. चालू की. त्यात काय एवढं!

५ जून, सकाळ
संकल्प: रोज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या. उरलेल्या वेळात या जागेचा कायापालट.

५ जून, संध्याकाळ
अर्धी फेरी. पहिल्याच दिवशी अति करू नये.

८ जून
शेजारच्या कॉटवर मास्तर. भूमिती शिकवायचे. आम्ही काठ्या टेकत जोडीने फेऱ्या मारतो, ते वाटेत माझं व्याकरण सुधारतात. मी इथल्या लोकांना गेस्ट म्हणतो ते त्यांना पटत नाही. म्हणाले, गेस्ट आपल्या मर्जीने निघू शकतो. मास्तर तसे बरे, पण बोलणं तिरकस.

११ जून
जेवणाची शोभा. हॉलमध्ये लोक ताट मांडीवर घेतात, सूप थेट विजारीत. इथल्या मॅनेजर मॅडमना गाठलं. म्हटलं, विमानात असतो तसा ट्रे बसवा, प्रत्येक खुर्चीला. आणि खटका खालून हवा, नाहीतर गेस्ट हलला की ट्रे निसटतो. मॅडमनी लिहून घेतलं. रिटायर झाल्यापासून माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

१९ जून
ट्रे आले. झकास! थेंब सांडला नाही. जेवण झाल्यावर मास्तरांनी विचारलं, हा उघडायचा कसा? समजावलं की आपण उघडायचा नसतो, सर्व्हिस स्टाफ उघडतो. सगळ्यांना मिळून एकच मावशी. ती येईपर्यंत चहाची वेळ झाली, आणि चहाला ट्रे लागतोच.

२२ जून
फेरी नाही. ट्रे.

२३ जून
फेरी नाही. सिस्टरला म्हटलं, मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. म्हणाली, हो काका, आलेच. सज्जन मुलगी. आली नाही.

२७ जून
मॅडम जाम खूश. ट्रे आल्यापासून कुणी पडलंच नाही. दारात बोर्ड लागला: पडझड शून्य. सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं. टाळ्या कमी वाजल्या, कारण बऱ्याच जणांचे हात ट्रेखाली होते. मास्तर म्हणाले, जो उठतच नाही तो पडेल कसा? भूमितीवाले. सिद्ध केल्याशिवाय चैन पडत नाही.

३० जून
हॉल फार शांत झालाय. पूर्वी कुणी भांडायचं, कुणी खिडकीशी उभं राहून उगाच रस्त्यावरच्या ड्रायव्हर लोकांना हाका मारायचं. आता खुर्च्या एका ओळीत, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. टीव्ही बंद. फाइव्ह स्टार लॉबीत अशीच शांतता असते. तरी मला तिथे कसंतरी होतं. थंडी असेल. शाल मागवणार.

४ जुलै
मास्तरांना बाथरूमला जायचं होतं. बराच वेळ हाका मारत होते. आधी मावशीला, मग सिस्टरला, शेवटी मला. मी काय करणार, मीही ट्रेमध्येच. व्हायचं ते झालं. एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला. मी टीव्हीकडे बघत राहिलो. सुचवणार: प्रत्येक खुर्चीला घंटी. उत्तम क्वालिटीची.

५ जुलै
मॅडम म्हणाल्या, घंट्यांनी शांतता बिघडेल.

९ जुलै
मास्तर हॉलमध्ये येत नाहीत. सिस्टर म्हणाली, पायातलं त्राणच गेलं त्यांच्या, पाठही सोलवटलीय. म्हटलं, मास्तर, उद्यापासून फेऱ्या सुरू. ते भिंतीकडे तोंड करून होते. व्याकरणही सुधारलं नाही.

१३ जुलै
उठलो तर शेजारची कॉट रिकामी. मावशीला विचारलं. पदराने डोळे पुसत म्हणाली, मास्तर सुटले हो. वा! म्हणजे घरी सोडलं. माझ्याआधी नंबर लागला. पण निरोप न घेता? शिकलेला माणूस, मॅनर्स नाहीत. चष्मा, काठी, चपला सगळं इथेच. हॉटेलात गेस्टचं राहिलेलं सामान आम्ही घरपोच पाठवायचो. तसं मावशीला सांगितलं. गादी उन्हात टाकलीय.

१४ जुलै
चपलांशिवाय गेले कसे, यावर फार विचार केला नाही.

१६ जुलै
मॅडमना म्हटलं, एक बारीक सुधारणा. खटका वरून घ्या, ज्याला उठायचं त्याला उठू दे. गोड हसल्या. म्हणाल्या, अहो काका, आयडिया तुमचीच ना? तुमच्याच सेफ्टीसाठी आहे. आपलेच दात, आपलेच ओठ.

१७ जुलै
दुपारी खटक्यापर्यंत हात नेऊन पाहिला. बोटं पोचत नाहीत. डिझाइन पक्कं आहे, हे मानावं लागेल.

२१ जुलै
चिरंजीव आले. गाडी घेऊन. सूनबाईंनी खोली आवरून ठेवलीय म्हणे, जिन्याला कठडाही नवा बसवला. मॅडमनी त्यांना बोर्ड दाखवला. मग सिस्टरने ट्रे काढला. चिरंजीव म्हणाले, "चला बाबा, उठा."

उठलो नाही. हात टेकून जोर लावला. पुन्हा लावला. मांड्या थरथरल्या आणि मी जागच्या जागी. त्याने काखेत हात घालून उचललं, तर पाय नुसते लोंबले. माझा पोरगा घाबरला. लहानपणी घाबरायचा तसा तोंड उघडं टाकून.

म्हणून मीच म्हणालो, "अरे, इथली बरीच कामं बाकी आहेत. इतक्यात कुठे येतोस न्यायला?"

त्याने मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, काकांशिवाय आमचं चालायचंच नाही. तो हसला. बरं वाटलं असावं त्याला. पुढच्या महिन्यात येतो म्हणाला आणि भराभर गेला. खिडकी माझ्या पाठीशी, गाडी निघताना दिसली नाही.

मला घरी जायचं होतं.