गोळ्यातला माणूस

ग्रेनाइट बे,
१६ डिसेंबर

प्रिय मार्ना,

तू, डेल आणि ब्रिटा बरे असाल. इकडे बर्फ खिडकीला टेकलंय. माझा गुडघा आहे तसाच आहे, कुरकुरतो पण चालतो. काल इर्मा बटाट्याची लेफ्से लाटून घेऊन आली होती. नेहमीसारखीच जाडजूड, आणि वर मलाच विचारते, "पातळ झालीत ना गं या वर्षी?" मी म्हटलं, "हो बाई, पलीकडचं दिसतंय." तिला ऐकू कमी येतं, पण टोमणा बरोबर ऐकू येतो. लेफ्सेचा डबा परत घेऊन गेली.

तू फोन उचलत नाहीस. मशीनवर निरोप ठेवायचा तर बीप वाजला की माझी वाचाच बसते. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे.

चर्चच्या गाडीतळावर तू म्हणालीस, "आर्डिस, तुम्ही हे मुद्दाम केलंत. काढा ते. आता नाताळला आम्ही येत नाही, आणि ब्रिटालाही पाठवणार नाही." मी तिथे तोंड उघडायला हवं होतं. पण थंडीनं म्हण, कशानं म्हण, मी हातमोजेच चढवत राहिले. तोवर तुमची गाडी सुटली.

मुद्दाम नाही केलं गं. हे सरळ लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या मनात ते राहायला नको.

तुला ठाऊक आहे, चर्चच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवायचं नाताळचं झाड माझ्याकडे असतं. दरवर्षी एकेक घर मला आपला फोटो पाठवतं, मी संगणकावर तो काचेच्या गोळ्यात बसवते, वर सोनेरी टोपण, टांगायचा आकडा, रिबन, खाली सावली, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ते गोळे भिंतीवर एकेक करून उजळतात. लोकांना वाटतं आर्डिसच्या हातात जादू आहे. जादू कसली? नील्स होता तेव्हा त्यानं एकदा सगळं रचून दिलं होतं. फोटो खाली, त्यावर काचेचा थर, त्यावर चमक. मी दरवर्षी मागच्या वर्षीची फाइल उघडते, खालचा फोटो बदलते आणि नवं नाव देऊन ठेवते. त्या चमकेच्या थराला त्यानं नावच देऊन ठेवलं होतं, "आई, याला हात लावू नको". मी कधी लावला नाही.

या वर्षी लावला. तुझा फोटो सगळ्यात शेवटी आला. कोठारासमोर तुम्ही तिघं, आणि डेलनं लग्नातला काळा कोट घातलेला. मागचं कोठारही काळं. गोळा काही केल्या गोल दिसेना, जेवणाच्या ताटलीत चेहरे चिकटवल्यासारखा सपाट. मला तुमचा गोळा सगळ्यात चांगला करायचा होता, मार्ना. डेलशी लग्न केल्यावर तू पहिल्यांदाच आपल्या चर्चला येणार होतीस, तेही मी बोलावलं म्हणून. मी त्या थराचा जोर वाढवला. काच एकदम जिवंत झाली. मी खूश होऊन कॉफी करायला उठले. माझ्या चष्म्याला आणि माझ्या त्या वीतभर पडद्यावर मधला डाग डागच दिसला. मला वाटलं, दिव्याची तिरीप.

मग हॉलमध्ये तो गोळा दारापेक्षा मोठा होऊन भिंतीवर आला, आणि आपली ब्रिटा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डेलच्या कोटात तो कोण माणूस उभा आहे?"

लोक हसले. तू पण हसलीस, मी बघत होते. मग इर्मानं चष्मा पुसला आणि तिच्या त्या भोंग्यासारख्या आवाजात म्हणाली, "अगं बाई! हा तर आपला नील्स!"

कान झाकणारी चौकटीची टोपी, दोन्ही कोपरं बाहेर, तोंडासमोर कॅमेरा. डेलच्या बरोब्बर छातीत.

तू ब्रिटाचा दंड धरून निघून गेलीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. डेल लगेच तुमच्यामागे आला नाही. तो भिंतीकडे बघत उभा राहिला, हातातली टोपी छातीशी धरली, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "आर्डिस, तुम्ही बसा. पाणी आणतो." पाणी दिलं आणि मगच गेला. त्याच्यामागून मी गाडीतळावर आले, तिथलं तुला ठाऊकच आहे. डेल चांगला माणूस आहे. हे वाक्य लिहिण्याआधी मी एकदा भांडी घासून आले, पण लिहिलं.

घरी आल्यावर मी फाइल मोठी करून बघितली. आता मला समजलंय ते असं. नील्सनं चमक कुठून विकत आणली नव्हती. माझ्या आईचा रुपेरी गोळा आपल्या स्वयंपाकघरात टांगून त्यानं त्याचाच फोटो काढला होता, आणि तोच थर केला. खऱ्या गोळ्याचा फोटो काढला की काढणारा मधोमध येतोच. त्यानं तो थर इतका फिका केला की कुणाला दिसू नये. म्हणून हात लावू नको म्हणाला असेल. किंवा उगाच, माझा धांदरटपणा ठाऊक होता म्हणून. आता विचारायचं कुणाला?

मग मी जुने गोळे उघडले. हॅन्सनांच्या बाळाच्या कपाळावर तो आहे. इर्माच्या नवऱ्याच्या शेवटच्या फोटोत आहे. पाद्रीबाईंच्या कुत्र्याच्या पोटावर आहे. फिका, पण कुठे बघायचं ते कळलं की सापडतो. तो गेला त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी मी त्याला माझ्या हातानं गावातल्या घराघरांत पाठवलंय, आणि लोकांनी तो छापून झाडाला टांगलाय. मला भीती वाटली, मार्ना. स्वतःच्या पोराची भीती वाटली. मी संगणक बंद केला आणि त्यावर टॉवेल टाकला.

दुसऱ्या दिवशी टॉवेल काढला.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. तेव्हापासून रोज सकाळी कॉफी घेऊन मी त्याच्यापुढे बसते. पाद्रीबाईंनी दोनदा विचारलं, "आर्डिस, तेवढं काढून नवी फाइल देता का?" मी दोनदा मान डोलावली आणि काढलं नाही. मी त्याच्याशी बोलते. बर्फ किती पडलं ते सांगते. तुझ्यावर चिडते ते सांगते. एके दिवशी दोन कप ओतले गेले.

तू म्हणशील, आर्डिसचं डोकं फिरलं. पण तूच सांग, मला दुसरं काय मिळालं? मासे धरायला ज्यावर बसले होते तो बर्फाचा तुकडा किनाऱ्यापासून सुटला, बाकीचे परत आले, हा आला नाही. सुपीरियर सरोवराचं पाणी इतकं थंड की बुडालेलं वर येतच नाही. आपण रिकामी पेटी पुरली. त्या दिवशी तू रडलीस, मी रडले नाही, आणि लोक म्हणाले आर्डिस खंबीर आहे. खंबीर कसली? पेटीत तो नव्हता, मग रडायचं कुणासाठी? मी सहा वर्षं दाराचा आवाज ऐकत बसलेय. तू पुन्हा लग्न केलंस तेव्हा मला राग आला तो डेलचा नाही. तू ऐकणं थांबवलंस त्याचा.

आता तो सापडला तर एका गोळ्यात, माझ्या नखाएवढा. आणि तू म्हणतेस काढा.

तर काढला.

आज सकाळी बसले. शिक्क्याचं ते साधन असतं, एका ठिकाणचा रंग उचलून दुसरीकडे उमटवायचं. आपल्या स्वयंपाकघराचा पिवळा कागद बाजूच्या भिंतीवरून थोडा थोडा उचलत गेले. आधी कोपरं गेली. मग टोपी. कॅमेरा सगळ्यात शेवटी पुसला, कारण त्याच्यामागे त्याचा डोळा होता आणि तो माझ्याकडेच रोखलेला वाटत होता. "झालं रे, झालं," म्हणत होते मी, लहानपणी त्याच्या पायातला काटा काढताना म्हणायचे तसं. आणि मग मी रडले, मार्ना. पहिल्यांदा. टेबलावर डोकं ठेवून, लाज न बाळगता.

भिंत छान जुळलीय. तिथे कुणी उभं होतं असं कुणाला वाटणार नाही. सोबतच्या पेनड्राइव्हवर तुमचा गोळा आहे. डेलच्या कोटावर आता कुणी नाही. ब्रिटाला दाखव, म्हणजे ती घाबरणार नाही.

पण एक सांगायचंय, त्यासाठीच खरं तर हे पत्र. इतकं मोठं करून बघितल्यावर त्याच्यामागची खोलीही दिसली. स्टोव्हपाशी मी आहे, पाठमोरी, बटाटे ढवळतेय. तो माझ्या पोटचा पोर इतक्या जवळ उभा, आणि मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

आणि टेबलाशी तू आहेस. ब्रिटा पोटात, सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर. हात पोटावर ठेवून तू त्याच्या पाठीकडे बघतेस आणि हसतेस. तसं हसताना मी तुला नंतर बघितलेलं नाही. माझ्याकडे बघूनही नाही, डेलकडे बघूनही नाही.

तो गेला. पण तू तिथेच बसली आहेस. आता तू कोऱ्या भिंतीकडे बघून हसतेस, आणि तुमच्या तिघांच्या फोटोवर तेच हसू पसरलंय. त्याला पुसायला मी त्याची आई होते, तेवढा हक्क माझा होता. तुला पुसायला माझा हात धजत नाही. तुला तिथे राहायचं नसेल तर ये आणि स्वतःच्या हातानं काढ. मी शिकवीन, अवघड नाही. ब्रिटाला आण, डेललाही आण.

नाही आलीस तर मी समजून घेईन. तू टेबलाशी असशीलच.

अजूनही स्टोव्हपाशी पाठमोरी उभी असलेली,
आर्डिस