ह्यांचंच रक्त

मलकापूर,
६ जानेवारी २०२५

चि. सौ. संयोगितास आक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून दुधाच्या गाडीवाल्याकडे ही चिठ्ठी देते. खुब्याच्या ऑपरेशनआधीच माझ्या भावाचं दोन पिशव्या रक्त काढून ठेवलं म्हणे! आधीच वाळलेला माणूस. आणि त्या फ्रीजवर राखण कोण करतं? आमच्या डेअरीत डोळ्यांदेखत कॅनची अदलाबदल होते, तिथं पिशवीचं काय घेऊन बसलीस. मला यात काळंबेरं दिसतं. डोळ्यात तेल घालून राहा.

तुझ्यावर जीव असलेली,
आक्का

कोल्हापूर,
८ जानेवारी

ती. आक्कांस संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही ताकही फुंकून पिणार! ह्यांना दुसऱ्याचं रक्त सहज जुळत नाही, चुकीचं चढलं तर जिवावर बेतेल. म्हणून डॉक्टरांनी ह्यांचंच साठवलं. थकवा आलाय खरा, गोळ्या चालू आहेत. हे मात्र सगळ्यांना सांगत सुटलेत की आपलंच रक्त हाय, त्याला कशाची भीती. तरी तुमची चिठ्ठी वाचून मी रक्तपेढीतल्या बाईंना इतकं खोदून विचारलं की त्या वैतागल्या.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
संयोगिता

कोल्हापूर,
१७ जानेवारी

ती. आक्कांस शि. सा. न.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी नर्सनं पिशवी आणली. हे गुंगीत होते, म्हणून तिनं मला पेशंटचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलंय का? राजवीरचे पप्पा, एवढंच म्हटलं. ती हसली, पिशवीवरचं जोतीराम पाटील हे नाव तिनंच वाचलं आणि मी मान हलवली. स्वतःचंच रक्त म्हणून तीही निर्धास्त, मीही. ती नळी जोडणार, तोच तुमचा संशय माझ्या अंगात शिरला. गाव कुठलं लिहिलंय, म्हणून विचारलं. तर हातकणंगले! जोतिबाच्या मुलखात जोतीरामांना काय तोटा. शेजारच्या खोलीत दुसरे जोतीराम पाटील, त्यांचंही ऑपरेशन त्याच दिवशी, त्यांचंही रक्त साठवलेलं. नर्स पांढरीफटक पडली. ती पिशवी तिनं तशीच परत नेली.

मग ह्यांची खरी पिशवी आली. ह्यांच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून झाल्यावर तिनं पुन्हा नाव विचारलं. मी खणखणीत सांगितलं, जोतीराम हिंदुराव पाटील, कोल्हापूर. मला रडू कोसळलं. ह्यांनी डोळे किलकिले केले आणि मलाच विचारलं, की ही कोण बाई हाका मारतीया.

आम्हां दोघांवर लोभ असू द्या.

आपली,
संयोगिता