तुझी ॲलर्जी, माझं कार्ड

प्रिय मास्तरीणबाईंस,
बाइंडरचा दुरून सप्रेम नमस्कार.

आधीच सांगतो, ताप उतरलाय. आज कामावर जाऊन साठ पुस्तकं शिवली, तेव्हा आईला काही कळवू नकोस.

तू बॅगेत टाकलेली ती जुनी इंग्रजी कादंबरी पडल्या पडल्या वाचली. नायिका म्हणते, तिच्यात आणि तिच्या माणसात फरकच उरलेला नाही. तिथे तुझी पेन्सिलीची रेघ आहे. मी म्हटलं, काहीतरीच! दोन माणसं ती दोनच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी?" मी ठणकावून सांगितलं, "पेनिसिलिनची. अंगभर गांध्या उठतात." त्यांनी कार्डावर लाल शाईने लिहूनही टाकलं. खोलीचा जिना चढताना आठवलं, गांध्या तुझ्या अंगावर उठल्या होत्या, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मी नुसता उशाशी बसलो होतो.

तुझी तब्येत बरी आहे ना? खरं सांग.

कार्ड उद्या दुरुस्त करून घेतो. तुझ्या रेघेखाली मात्र माझीही एक मारलीय. पुस्तक दिलंस, फार उपकार झाले.

गांध्या कधीच न उठलेला,
तुझा